उष्टावणाचा इतिहास

आपल्या पूर्वजांनी मनुष्याच्या आयुष्याला जे सोळा संस्कार लावून दिले, त्यांपैकी बरेचसे आज केवळ ग्रंथांतच उरले आहेत. पुंसवन आणि सीमंतोन्नयन यांची नावेही पुष्कळ घरांत ठाऊक नसतात. चौलाला मुंजीच्या मांडवात कसाबसा आसरा मिळाला आहे. अन्नप्राशन मात्र, म्हणजे ज्याला आपण घरगुती भाषेत उष्टावण म्हणतो ते, गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत अद्याप टिकून आहे. कित्येकदा त्याला भटजी नसतो, होम नसतो, संकल्पही नसतो; पण चांदीची वाटी असते, खीर असते आणि मामा असतो. या संस्काराचे मूळ पोथीपेक्षा स्वयंपाकघरात अधिक खोल रुजले आहे, हेच त्याच्या चिवटपणाचे कारण होय. परंतु जी गोष्ट स्वयंपाकघरात गेली तिचा इतिहास कोणी विचारीत नाही. तो येथे थोडक्यात मांडावा आणि त्यातून आजच्या गृहस्थाला काही व्यवहार्य बोध निघतो काय, हे पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘उष्टे’ हा शब्द संस्कृत ‘उच्छिष्ट’ यापासून आला. ज्या समाजात दुसऱ्याचे उष्टे वर्ज्य, उष्ट्या हाताने वाढणे वर्ज्य, देवाच्या नैवेद्याला उष्ट्याची सावलीही चालत नाही, त्या समाजाने बाळाच्या आयुष्यातील एका आनंदाच्या दिवसाला नेमके हेच नाव द्यावे, ही मौजेची गोष्ट आहे. परंतु त्यात अर्थ आहे. जोवर बाळ केवळ मातेच्या दुधावर असते, तोवर त्याचे मुख उष्टे होतच नाही. ज्या दिवशी त्याच्या ओठाला भाताचे शीत लागते, त्या दिवशी ते मातेपासून एक पाऊल दूर होऊन आपणां सर्वांच्या पंक्तीला येते. संस्कृत नाव ‘अन्नप्राशन’ हे क्रियेचे वर्णन करते. मराठी नाव ‘उष्टावण’ हे नात्यातील बदल सांगते.

आता ग्रंथांकडे वळू. गृह्यसूत्रे ही आपल्या घरगुती विधींची सर्वांत जुनी संहिता होय. आश्वलायन, पारस्कर, शांखायन या तिन्ही सूत्रकारांनी अन्नप्राशनाचा काल सहावा महिना असाच सांगितला आहे. गोमंतकातील ऋग्वेदी कुळे आश्वलायनाला अनुसरतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील शुक्ल यजुर्वेदी कुळे पारस्कराला. शाखा निराळ्या, प्रांत निराळे, पण महिना एकच. सूत्रांचे भोजनपत्र पाहिले तर मात्र आजच्या वाचकास थोडा विस्मय वाटेल. आश्वलायन सांगतो की बाळ पुष्ट व्हावे अशी इच्छा असणाऱ्याने बोकडाचे मांस, ब्रह्मतेजाची इच्छा असणाऱ्याने तित्तिर पक्ष्याचे मांस आणि कांतीची इच्छा असणाऱ्याने तूपभात द्यावा. अन्नात दही, मध आणि तूप मिसळून अन्नाच्या अधिपतीची प्रार्थना करीत ते भरवावे. पारस्कराने वाणीच्या ओघासाठी भारद्वाज पक्षी आणि चपळाईसाठी मासे सांगितले आहेत. माशांचे हे विधान वाचून आमच्या सारस्वत वाचकांच्या मुखावर स्मित उमटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे काळ बदलला, आहाराविषयीच्या कल्पना बदलल्या, आणि मांस मागे पडून दूधभात व पायस पुढे आले. यात कोणी धर्म बुडाला असे म्हटले नाही. पदार्थ बदलला तरी संस्कार तोच राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा आपणांस उपयोग होईल.

सूत्रांनंतर स्मृती. मनूने सहाव्या महिन्यातच अन्नप्राशन सांगितले, पण त्याला एक महत्त्वाची सवलत जोडली : किंवा कुळात जे मंगल मानले जात असेल तसे करावे. याज्ञवल्क्यानेही सहावाच महिना धरला. या याज्ञवल्क्यस्मृतीवरील दोन थोर टीका आपल्याच परिसरात लिहिल्या गेल्या, याचा आपणांस अभिमान वाटावा. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे पुढे निजामाच्या राज्यात मोडलेल्या बसवकल्याणात. आणि ‘अपरार्क’ टीकेचा कर्ता अपरादित्य हा १२ व्या शतकातील उत्तर कोकणचा शिलाहार राजा. याच अपरार्काने मार्कंडेयाची वचने उद्धृत करून एक विधी दिला आहे. अन्नप्राशनानंतर देवापुढे पुस्तके, शस्त्रे, कारागिरीची हत्यारे इत्यादी वस्तू मांडाव्यात आणि बाळ प्रथम ज्या वस्तूला हात लावील तीवरून त्याची पुढील उपजीविका ओळखावी. आज आपल्या घरी उष्टावणाच्या दिवशी ताटात पुस्तक, लेखणी, नाणे मांडतात आणि बाळ काय उचलते म्हणून सारे घर श्वास रोखून पाहते. हा खेळ नवा नाही. कोकणच्या एका राजाने तो आठशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात नोंदून ठेवला आहे.

निबंधकारांच्या काळात नियम अधिक बारीक झाले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधू’ हा ग्रंथ १७९० च्या सुमाराचा. महाराष्ट्रातील पुरोहितवर्गावर त्याची सत्ता अद्याप चालते. त्यात मुलाचे अन्नप्राशन सहा, आठ, दहा किंवा बारा या सम महिन्यांत आणि मुलीचे पाच, सात, नऊ या विषम महिन्यांत करावे असे आहे. हा सम-विषम भेद केवळ आपल्याकडचा नव्हे. नेपाळात याच संस्काराला ‘पास्नी’ म्हणतात आणि तेथेही मुलीचा पाचवा व मुलाचा सहावा महिना धरण्याची चाल आहे. बंगालात ‘मुखेभात’ आणि तेथेही मामाच पुढे. केरळात ‘चोरूण’, आणि त्यासाठी गुरुवायूरच्या देवळात बाळांची रीघ लागते. हिमालयापासून सह्याद्रीच्या दक्षिण टोकापर्यंत ज्या थोड्या गोष्टी खरोखर समान आहेत, त्यांत भाताच्या या पहिल्या घासाची गणना करावी लागेल.

धर्मशास्त्रकारांच्या बरोबरीने वैद्यांनीही हा विषय हाताळला. सुश्रुताने शारीरस्थानात सहा महिन्यांच्या बाळाला हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले. वाग्भटाने सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगून, दात आल्यावर बाळाला स्तनपानापासून क्रमाक्रमाने दूर करावे असा सल्ला दिला. म्हणजे अन्न सुरू झाले की दूध तोडावे, असा अर्थ त्याच्या मनात नव्हता. सर्वांत विचारपूर्वक विवेचन काश्यपसंहितेचे आहे. बालरोगांवरील हा प्राचीन ग्रंथ शतकानुशतके लुप्तप्राय होता. नेपाळात त्याचे खंडित हस्तलिखित मिळाले आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो प्रसिद्ध केला. काश्यपाने दोन पायऱ्या केल्या आहेत : सहाव्या महिन्यात फलप्राशन, म्हणजे फळांचा आस्वाद, आणि दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात धान्याचे अन्न. शिवाय देश, काळ, बाळाची शक्ती आणि पचन पाहून, मध्ये एकदोन दिवसांचे अंतर ठेवीत नवे अन्न द्यावे असेही त्याने सुचविले आहे. नवा पदार्थ दिला की दोन दिवस थांबून पाहावे, हे सांगणारी आपली आजी काश्यपाची शिष्या होती. तिला ते ठाऊक नव्हते इतकेच.

येथपर्यंतचा इतिहास गोड आहे. परंतु इतिहासकाराने आणि वकिलानेही केवळ गोड भाग वाचून पोथी मिटू नये.

या संस्कारातील पहिली उणीव मुलीच्या बाबतीत आहे. आश्वलायनाने मुलीचा विधी करावा पण मंत्राविना करावा असे म्हटले. याज्ञवल्क्यानेही स्त्रियांचे हे सर्व संस्कार अमंत्रक सांगून केवळ विवाह समंत्रक ठेवला. ग्रंथाने मंत्र काढला, पण विधी ठेवला होता; लोकांनी पुढे विधीही काढला. मुलाच्या उष्टावणाला सोयऱ्यांना बोलावणी आणि मुलीला आजीने सहज चाटविलेला वरणभात, हा भेद पुष्कळ घरांनी पाहिला आहे. शास्त्राचा आधार घेऊन जे शास्त्रानेही सांगितले नाही ते करणे, याला न्यायाच्या भाषेत कागदपत्राचा विपर्यास म्हणतात.

मंत्र कोणी म्हणावा आणि कोणासाठी म्हणावा, हा वाद स्त्रियांपुरताच नव्हता. १९ व्या शतकाच्या अखेरीस बडोदे आणि कोल्हापूर या दोन्ही संस्थानांत वेदोक्ताचे प्रकरण पेटले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला कायद्याचे उत्तर दिले. १९१५ च्या हिंदू पुरोहित कायद्याने पौरोहित्य करणाऱ्यांना परीक्षेची अट घातली. कायद्याने श्रद्धा निर्माण होत नाही, हे खरे. पण यजमानाला आपण काय करतो हे कळले पाहिजे, हा विचार त्यामागे होता, आणि तो आजही जुना झालेला नाही.

गोमंतकाचा अनुभव आणखी वेगळा. १६ व्या शतकात साष्टीची देवळे पाडली गेली आणि देवांनी स्थलांतर केले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. देव नदीपलीकडे गेले, पण ज्यांचे धर्मांतर झाले ती माणसे मागेच राहिली, आणि त्यांच्या घरांत जुने संस्कार निरनिराळ्या वेषांत चालूच राहिले. हे मोडून काढण्यासाठी इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी एक विस्तृत जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याची माहिती दिली आहे. बाळाच्या जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण त्यात निषिद्ध ठरले. इतकेच नव्हे, तर हिंदूंप्रमाणे मिठाविना भात शिजवून नंतर चवीपुरते मीठ घेणे, हाही त्यात अपराध झाला. घरच्या चुलीवरच्या भांड्यात मीठ केव्हा पडते, याची चौकशी करणारी राजसत्ता जगाच्या इतिहासात विरळाच. परंतु तिने एक गोष्ट अचूक ओळखली होती : संस्कृतीचे खरे ठाणे देवळाइतकेच भाताच्या भांड्यात असते. १८१२ मध्ये ते न्यायासन कायमचे बंद झाले. भात मात्र शिजतच आहे. आणि मुंबई, बेळगाव, कारवार येथे पांगलेली कुळे आजही तान्ह्या बाळाला कुलदेवतेच्या पायांवर घालण्यासाठी अंत्रुजाची वाट धरतात.

आता आजच्या ज्ञानाच्या उजेडात या संस्काराकडे पाहू. बाळ जन्मास येते तेव्हा त्याच्या शरीरात साठलेले लोह साधारण सहा महिने पुरते. पुढे मातेचे दूध अमृततुल्य असले तरी एकटे पुरे पडत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांकांचे अन्न लागते. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी चार ते सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपान सांगत असे. २००१ मध्ये तो काल पूर्ण सहा महिने ठरला. आपल्या कायद्यानेही हेच वळण घेतले. बाळाचे कृत्रिम दूध, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांच्या नियमनाचा १९९२ चा अधिनियम शिशुआहाराची व्याख्या करताना चार महिन्यांनंतरचा आहार असे म्हणत होता. २००३ च्या दुरुस्तीने तेथे सहा महिने आले, आणि शिशुआहाराच्या जाहिरातींवरही बंदी आली. २०१७ मध्ये मातृत्वाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे पुन्हा सहाच महिने. गृह्यसूत्रापासून संसदेपर्यंत एकच आकडा फिरून यावा, याचे श्रेय कोणा चमत्काराला देण्याचे कारण नाही. अनेक पिढ्यांच्या मातांनी बाळाकडे पाहून जे जाणले, तेच सूत्रकाराने लिहिले आणि तेच पुढे प्रयोगशाळेने मोजले.

तथापि वकिलाच्या दृष्टीने येथे एक बारीक प्रश्न उपस्थित होतो. ‘सहाव्या महिन्यात’ याचा सरळ व्याकरणशुद्ध अर्थ पाच महिने पूर्ण होऊन सहावा चालू असताना, असा होतो. वैद्यक मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर असे सांगते. मुलीच्या बाबतीत ही अडचण येतच नाही. तिचा सातवा महिना शास्त्राला मान्य आहे, आणि सातवा महिना लागला याचाच अर्थ सहा पूर्ण झाले. ज्या मुलीला मंत्र नाकारला गेला, तिच्याच वाट्याला काळाचा अचूक नियम आला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. मुलाच्या बाबतीत सम महिन्याचा आग्रह धरला तर सहावा लवकर होतो आणि आठवा उशिराचा. मग करावे काय? याचे उत्तर मनूच्या त्या सवलतीत आहे. कुळाचा मंगल आचार हा नियमाला पर्याय म्हणून शास्त्रानेच मान्य केला आहे. १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरांच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही हिंदू कायद्यात स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहून बलवत्तर असते, असा निर्णय दिला. सहा महिने भरल्यावर उष्टावण करण्याची चाल अनेक कुळांत आहेच; तीच सर्वांनी आपली रूढी करावी, मुलाला आणि मुलीला एकच. त्यात धर्मभंगाचा लवलेश नाही.

दुसरा प्रश्न मधाचा. सूत्राच्या मिश्रणात मध आहे आणि घरोघरी तो सोन्याच्या अंगठीने चाटवितात. परंतु मधात एका विशिष्ट जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती वाढून स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करतात. हा रोग वैद्यकाने १९७६ मध्ये ओळखला. आश्वलायनाला तो ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ज्या परंपरेने तित्तिर आणि बोकड सोडून पायस स्वीकारले, तिला वर्षभर मध सोडणे जड जाऊ नये. तूप आहे, दही आहे. तेवढ्याने संस्कार पूर्ण होतो.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न विलंबाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत असे आढळले की देशातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी केवळ ४५.९ टक्क्यांना मातेच्या दुधाबरोबर घन किंवा अर्धघन अन्न मिळत होते. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळे त्याला मुकली होती. दारिद्र्य हे त्याचे मोठे कारण असेल. पण जेथे दारिद्र्य नाही तेथेही मुहूर्त सापडत नाही, मामाला रजा मिळत नाही, कुलदेवतेला जाण्याचा योग येत नाही, म्हणून वाटी कोरडी राहते. मोठ्या थाटाने उष्टावण करून दुसऱ्या दिवसापासून पुन्हा केवळ दूध, असेही घडते. संस्कार हा आरंभ होय, समारोप नव्हे. त्या दिवसानंतर रोज दोन-तीन वेळा मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व, कुसकरलेले केळे, उकडून घोटलेली भाजी, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी काटे नीट काढलेला मासा, असे वाढत्या मापाने दिले पाहिजे. मीठ व साखर वर्षभर दूर ठेवावी, आणि मातेचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू असावे.

आमच्या मते येथे धर्म आणि वैद्यक यांचा कलह नाही. आहे तो केवळ आळसाचा आणि अज्ञानाचा. मुहूर्त संस्काराला असतो, भुकेला नसतो. सहा महिने भरले की बाळाला अन्न मिळालेच पाहिजे. मामा व देवदर्शन यांचा योग त्याच आठवड्यात आला तर उत्तम, न आला तर आईने देवघरासमोर पाटावर बसून पहिला घास भरवावा आणि समारंभ सवडीने करावा. आपल्या देवस्थानांच्या मंडळींनी मनावर घेतले तर हे काम सुलभ होईल. देवळात उष्टावणासाठी आलेल्या प्रत्येक मातेच्या हाती प्रसादाबरोबर मराठीत व कोंकणीत छापलेला एक साधा कागद द्यावा : काय भरवावे, किती वेळा, काय टाळावे. मुलीसाठीही तोच मंत्र म्हणावा, जो मुलासाठी म्हणतात. तैत्तिरीय उपनिषदातील भृगूने ब्रह्माचा शोध आरंभिला तेव्हा त्याला प्रथम गवसले ते अन्नच. आपल्या घरातील सर्वांत लहान जीवापर्यंत ते वेळेवर पोहोचविणे, हीच त्या विद्येची पहिली पायरी होय.